घोंगडीचं चिलखत

आदिनाथ काय काम करतो हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग जरा बिचकतात. कुणाला किती वारांत मारायचं, हे तो ठरवतो. सिडकोत एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मोबाइलवरचे खेळ बनवणारी छोटी कंपनी आहे. तिथं तो सकाळी येऊन बसतो आणि संध्याकाळपर्यंत माणसं मारून बघतो. खाली दाढ उपटताना पेशंट ओरडतो, वर आदिनाथचा सरदार कोसळतो. दोन्हीकडचं काम नेमानं चालतं.

खेळाचं नाव ‘गडझुंज’. डोंगरावर किल्ला, खाली गावं, मध्ये खिंडी, आणि त्यातून लढत वर चढणारा एक वीर. तो वीर म्हणजे खेळणारा. वाटेत त्याला जो कुणी आडवा येतो त्याला चार आकडे असतात: जीव, मारा, वेग आणि चिलखत. आदिनाथचं सगळं आयुष्य या चार आकड्यांत गेलं होतं. चिलखत म्हणजे साधी वजाबाकी. पन्नासाचा वार आला आणि अंगावर वीसचं चिलखत असलं, तर अंगाला तीसच लागतात. चिलखत वाढवलं की वेग उतरवायचा, तलवारीची धार वाढवली की ढाल जाड करायची. खेळणारा वैतागून खेळ बंद करणार नाही आणि कंटाळून जांभईही देणार नाही, एवढ्या बारीक फटीत सगळं बसवायचं. त्याचा हात या कामात फार चांगला होता. हे मी त्याच्या बाजूनं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं फार काही उरणार नाही.

माणूस म्हणून आदिनाथ मऊ. कधी आवाज चढवायचा नाही, कुणाशी वाद घालायचा नाही. शर्ट कडक इस्त्रीचा, नखं कापलेली, आणि दिवसातून दहादा हात धुवायची सवय. त्याच्या शेजारी बसणारी मोनाली त्याला यावरून चिडवायची. हात तो का धुतो हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही. सोयगाव तालुक्यातल्या धनगराचा तो पोरगा. जन्मला मेंढरांत, लहानाचा मोठा झाला मेंढरांत, आणि मेंढराचा वास आपल्या हातातून अजून गेलेला नाही अशी त्याची समजूत होती. ऑफिसात कुणी विचारलं की ‘वडील शेती करतात’ असं सांगायचा. एकदा तर ‘बागायत आहे’ असंही म्हणून गेला होता. बागायत कसली! त्याचे वडील कडुबा आणि आई बानाबाई वर्षातले आठ महिने दुसऱ्यांच्या रानांत मेंढरं बसवत हिंडायचे. मेंढरांच्या लेंड्यांनी रान सुपीक होतं म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घ्यायचे.

मेंढरांमागं परत जायचं नाही, हे आदिनाथनं फार लहानपणी ठरवलं होतं. बाकी काहीही चालेल, पण ती काठी, मेंढरं कोंडायची ती जाळी, ते कापडाचं पाल नको. आणि आता तर प्रश्न अगदी टोकाला आला होता. कंपनीचा मालक विश्वजीत यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, “गडझुंज चालला, तर आदिनाथ कायम, आणि आकड्यांचं सगळं खातं त्याच्या हाताखाली. नाही चालला, तर भाई, ये दुकान बंद.” शहरात अशी दुसरी कंपनी नव्हती. पुण्याला जाऊन मुलाखती देऊन तो दोनदा परत आला होता. दुकान बंद म्हणजे काय, हे त्याला नीट कळत होतं.

गेल्या उन्हाळ्यात कडुबा डोळे तपासायला शहरात आले. तपासणी लवकर उरकली, मग विचारत विचारत सरळ ऑफिसातच येऊन उभे राहिले. डोक्याला तांबडं पागोटं, गुडघ्यापर्यंत धोतर, हातात काठी, खांद्यावर काळी घोंगडी. आदिनाथनं काचेच्या दारातून त्यांना बघितलं. त्यांना खाली चहाच्या टपरीवर न्यावं म्हणून तो उठला, तोवर विश्वजीत बाहेर आलाच. त्याच्या मागून मोनाली आली आणि आणखी चार-पाच जण आले.

कडुबांनी पाहिलं, एवढी सगळी माणसं आपल्याला भेटायला आलीत आणि सगळी उभीच आहेत. धनगराला हे बघवत नाही. आलेला माणूस उभा राहिला तर ती आपली अब्रू गेली. ते रान कुणाचं, घर कुणाचं, हा प्रश्न त्याला पडत नाही. जिथं त्याचं घोंगडं तिथं त्याचं घर. कडुबांनी खांद्यावरची घोंगडी काढली, एकदा झटकली, वाकले आणि त्या चकचकीत फरशीवर पसरली. चारी कोपरे हातानं सारखे केले. मग कंपनीच्या मालकाला, त्याच्याच कंपनीत, म्हणाले, “या पाव्हणं, बसा.”

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, खरं तर फार आवडलं त्यांना. विश्वजीत मांडी घालून बसलासुद्धा. खेळातल्या माणसांना हालचाली देण्याचं काम मोनालीचं. तिनं मोबाइल काढला. “काका, पुन्हा एकदा करता? असंच, आधी झटका, मग वाका.” कडुबांनी पुन्हा केलं. मग बाजूनं केलं, मागून केलं. काठी फिरवून दाखवली, ओरडून कुत्री कशी सोडतात ते दाखवलं. दर वेळी शेवटी “या पाव्हणं, बसा” आलंच. म्हातारा असा फुलला होता की डोळ्यांत टाकलेल्या औषधाचीही त्याला आठवण राहिली नाही.

“आता तुम्ही आमच्या खेळात येणार, काका,” मोनाली म्हणाली.

बसस्टँडवर पोरगा सोडायला आला तेव्हा कडुबांनी जरा दबकत विचारलं, “आदिनाथा, खेळात मी चांगला हाय का वाईट?”

“तुम्ही खिंड राखता, आप्पा. तुम्हाला हरवल्याबिगर कुणी वर जाऊ शकत नाही.”

“व्हय? मंग बरंय,” कडुबा म्हणाले आणि गाडीत चढले. गावाकडं गेल्यावर त्यांनी हे किती जणांना सांगितलं असेल याची मोजदाद नाही.

त्या वेळी आदिनाथ खोटं बोलला नव्हता. तिसऱ्या टप्प्यावरच्या खिंडीत त्यानं खरोखरच एक धनगर उभा केला होता, मोनालीनं त्याला कडुबांचा चेहरा दिला होता, आणि आदिनाथनं त्याच्या घोंगडीला चाळीसचं चिलखत दिलं होतं. लोखंडी कड्यांच्या झग्याला बत्तीस आणि घोंगडीला चाळीस! हा आकडा त्यानं कुठल्या तक्त्यातून काढला नव्हता. तो पाच-सहा वर्षांचा असताना अजिंठ्याच्या डोंगरात, फर्दापूरच्या अलीकडं, भर दुपारी लांडगा आला होता. आदिनाथच्या मांडीवर कोकरू होतं, आणि लांडग्याला कोकरू आणि पोरगा यांत काही फरक वाटत नव्हता. कडुबांनी घोंगडी डाव्या हाताला गुंडाळली आणि तो हात सरळ लांडग्याच्या जबड्यात कोंबला. उजव्या हातातल्या काठीनं त्याला झोडपलं. लांडगा पळाला तेव्हा घोंगडी लाळेनं भिजली होती, फाटली होती, पण दात आत शिरले नव्हते. त्या हाताआडून जे त्यानं पाहिलं, ते त्यानं आकड्यात लिहिलं होतं. असा आकडा तो एरवी कधी लिहायचा नाही.

घोटाळा पुढं झाला. खेळ बाहेर काढायच्या आधी काही लोकांना खेळायला दिला, तर निम्मे लोक तिसऱ्या टप्प्यावर खेळ सोडून जाऊ लागले. तिथं पोचणाऱ्याच्या हातात बेचाळीसची तलवार असते. घोंगडी चाळीस खाऊन टाकते, अंगाला लागतात दोन. धनगराचा जीव साठ. खेळणारे हाणून हाणून थकायचे आणि तो म्हातारा काठी घेऊन उभाच.

विश्वजीतनं त्याला आत बोलावलं. “भाई, घोंगडी है या बुलेटप्रूफ? लोखंडापेक्षा कांबळं भारी? लोक हसतात. पाच कर.”

“सर, चाळीस बरोबर आहे.”

“बरोबर असेल तुझ्या गावात. इथं लोक चाललेत सोडून. या टप्प्यावर सोपी शिकार पाहिजे, मारून मजा येईल अशी. सोमवारपर्यंत कर, नाहीतर मी करतो.”

तो जागेवर आला, आकड्याच्या चौकटीवर बोट ठेवलं, आणि त्याला चाळीसचे पाच करवेनात. शनिवार गेला, रविवार गेला. हा हट्ट त्यानं एवढाच धरून ठेवला असता तर मी त्याला मनापासून शाबासकी दिली असती. पण आदिनाथ हट्टी कमी आणि हुशार जास्त. हुशार माणसाला नको त्या वेळी वाट सापडते.

रविवारी दुपारी मोनालीनं काढलेले जुने व्हिडिओ तो बघत बसला होता. कडुबा घोंगडी काढतात, झटकतात, वाकतात, पसरतात. कडुबा काढतात, झटकतात, वाकतात. आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चिलखत घोंगडीचं आहे, माणसाचं नाही. घोंगडी अंगावर नसली तर चिलखत शून्य. मग आकडा कमी कशाला करायचा? घोंगडीच काढायला लावायची!

सोमवारी सकाळी त्यानं बसवून दाखवलं. वीर खिंडीत येतो. धनगर त्याला बघतो, पाहुणा आला म्हणून खांद्यावरची घोंगडी काढतो, झटकतो, आणि वीराला बसायला जमिनीवर पसरायला वाकतो. तेवढ्यात मान उघडी. मानेवरचा वार दुप्पट लागतो, हा नियम खेळात आधीपासूनच होता. बेचाळीस दुणे चौऱ्याऐंशी. जीव साठ. एका वारात धनगर आपल्याच घोंगडीवर तोंडघशी पडतो आणि ती घोंगडी वीराला मिळते, पुढच्या टप्प्यांसाठी, चाळीसच्या चाळीस चिलखतासकट.

विश्वजीतनं स्वतः खेळून पाहिलं. एकदा मारलं, पुन्हा मारलं, तिसऱ्यांदा मारताना हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “भाई! तू कमाल है. साला बैठने को बोल रहा है और—” त्याला वाक्य पुरं करता येईना.

“आकडा चाळीसच ठेवलाय, सर,” आदिनाथ म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं बापाची बाजू राखली. मी त्याच्या जागी असतो तर निदान एवढं तरी स्वतःला सांगितलं नसतं.

मोनाली हसली नाही. ती दुपारी डबा घेऊन त्याच्या समोर बसली आणि म्हणाली, “आदिनाथ, ते तुझे वडील आहेत.”

“खेळ आहे, मोनाली. नुसता चेहरा आहे.”

“चेहरा मी दिलाय, मला माहितीय. त्यांनी आपल्याला बसायला घोंगडी टाकली होती आणि तू त्यातूनच त्यांची मान मारायला उघडी केलीस. आमच्या वस्तीत बाहेरच्या कुणी आमच्या माणसाला असं वाकवलं ना, तर आम्ही मोर्चा काढू. माझ्या आजीनं काढलाय. आणि तू स्वतः वाकवतोस?”

“तू चेहरा बदल मग.”

“बदलते. तू सरांना सांग.”

त्यानं सरांना सांगितलं नाही. सरांना तो चेहरा फार आवडला होता. उलट सरांनी आणखी एक मागणी केली: म्हाताऱ्याचा आवाज व्हिडिओत आहे ना, तो टाका. मोनालीनं चक्क नाही म्हणून सांगितलं आणि त्या दिवशी रजा टाकून घरी गेली. आवाज कापून बसवायचं काम मग आदिनाथनं केलं. कानाला हेडफोन लावून, पुढचं-मागचं हसणं काढून, बापाचे तीन शब्द त्यानं नेमके उचलले आणि घोंगडी पसरण्याच्या क्षणावर चिकटवले. हे काम त्याला कुणी बंदूक लावून करायला सांगितलं नव्हतं.

खेळ बाहेर आला आणि चालला. नुसता चालला नाही, त्या एका धनगरामुळं धावला. त्याला मारतानाचे व्हिडिओ लोक एकमेकांना पाठवू लागले. सिडकोतल्या कॅनॉटच्या बाजारात कॉलेजची पोरं एकमेकांना “या पाव्हणं, बसा” म्हणायची आणि समोरचा वाकला की मानेवर फटका. कुणी त्याला मारायच्या आधी त्याच्याभोवती नाचायचे, कुणी घोंगडीवर पाय पुसायचे. पाय पुसण्याची हालचाल खेळात नव्हतीच, लोकांनी वीराला जागच्या जागी चालवून ती शोधून काढली. वीस टप्प्यांचा खेळ आदिनाथनं जीव तोडून तोलून बसवला होता, पण पुढचे सतरा टप्पे बघायची कुणाला फारशी घाई नव्हती. लोक परत परत तिसऱ्या टप्प्यावर यायचे.

विश्वजीतनं जालना रोडवरच्या एका हॉटेलात दुपारचं जेवण ठेवलं. त्याच जेवणात कायम नोकरीसाठी आदिनाथचं नाव जाहीर होणार होतं. “आणि काकांना आण,” विश्वजीत म्हणाला. “आपला खरा हिरो तोच आहे.”

आदिनाथला हे टाळता आलं असतं. गावाला फोन लागला नाही, मेंढरं लांब गेलीत, म्हातारा आजारी आहे. थापा मारायला त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं, बागायतीची थाप होतीच. पण जाहीर व्हायच्या दिवशी सरांना नाही कसं म्हणायचं? त्यानं फोन लावला आणि सांगितलं, “आप्पा, सत्कार आहे.”

कडुबा आले. नवं धोतर, धुतलेलं पागोटं. डोळ्यांचं औषध चालू होतं, त्यामुळं पापण्या जरा चिकट होत्या. खांद्यावर घोंगडी होतीच. सत्काराला जाताना धनगर ती घरी ठेवत नाही. हॉलमध्ये शंभरेक माणसं, निम्मी हौसेनं बोलावलेली खेळणारी पोरं-पोरी. कडुबा दारात दिसले आणि सगळ्या हॉलनं एकदम आरोळी ठोकली. म्हातारा दचकला, मग सगळे आपल्यालाच बघून आनंदलेत हे कळल्यावर हात जोडून हसला.

हार घातला, शाल दिली. मग विश्वजीत माइकवर म्हणाला, “काका, एकदा घोंगडी टाकून दाखवा ना! सगळे तुमचे पाव्हणे आहेत.”

यात कडुबांना वावगं काय वाटणार? त्यांनी हार नीट केला, घोंगडी काढली, झटकली. हॉलमधली पोरं त्या झटक्याच्या तालावर ओरडायला लागली. विश्वजीतनं टेबलामागून स्पंजची तलवार काढली, लहान मुलांची असते तशी, आणि ती आदिनाथच्या हातात दिली. “बेटे के हाथ से!” सगळ्यांचे मोबाइल वर झाले.

मोनाली मागच्या रांगेत उभी होती. तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. आदिनाथनं ते पाहिलं. मग त्यानं विश्वजीतच्या हातातला कागद पाहिला, ज्यावरून आता त्याचं नाव वाचलं जाणार होतं.

कडुबा वाकले होते. घोंगडीचे कोपरे सारखे करत होते. “या पाव्हणं, बसा,” ते म्हणाले, आणि हॉलनं त्यांच्याबरोबर ते शब्द एका सुरात म्हटले. आदिनाथनं तलवार उचलली आणि बापाच्या मानेवर टेकवली. जोरानं नाही. मऊ माणूस होता तो.

कडुबा तसेच वाकून थांबले. मानेवर काय आलं ते त्यांना कळेना. “काका, पडायचं! पडायचं!” विश्वजीत माइकवरून ओरडला. पोरंही ओरडू लागली. कडुबांनी मान वळवून वर बघितलं. वर पोरगा उभा होता, हातात तलवार घेऊन. ते बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले, म्हणजे हे करायचं असतं का, असं विचारल्यासारखे. आदिनाथनं मान खाली घातली. ती होकाराची मान होती की शरमेची, हे आज त्यालाही सांगता येणार नाही, पण कडुबांनी होकार समजला. ते आधी एका गुडघ्यावर आले, मग हात टेकला, आणि आपल्या घोंगडीवर आडवे झाले. हार छातीखाली चुरगळला. हॉल टाळ्यांनी भरून गेला, आणि त्या टाळ्यांतच विश्वजीतनं आदिनाथचं नाव वाचलं.

लोक फोटो काढायला पुढं आले. मोनालीनं त्यांना बाजूला सारून कडुबांना हात दिला, उठवलं, पाणी दिलं. ती दुसऱ्याच आठवड्यात कंपनी सोडून गेली. आदिनाथ तेव्हा हात धुवायला गेला होता.

आदिनाथनं कडुबांना बसस्टँडवर आणलं. गाडी लागली तेव्हा एवढंच म्हणाले, “तुझी माय वाट बघत आसंल.” शाल त्यांनी आदिनाथच्या हातात दिली आणि घोंगडी घेऊन चढले.

त्यानंतर आदिनाथ कामात बुडाला. आता त्याच्या हाताखाली तीन माणसं होती. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी गावाकडं जायला त्याला सवड होईना. खरं तर धीर होईना. शेवटी बानाबाईचा फोन आला, “येऊन तं जा रं. तुझा बाप बोलत नाय, पर रोज रस्त्याकडं बघतो.” मग एका रविवारी तो गेला.

मेंढरं फर्दापूरजवळच्या एका रानात बसली होती. ज्वारी काढलेलं रान, धसकटं पायाला टोचत होती. जाळीत मेंढरं कोंडलेली, बाजूला पाल, पालासमोर तीन दगडांच्या चुलीवर बानाबाई भाकऱ्या थापत होती. कडुबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. पोराला बघितल्यावर ते उठले. तो शाळेसाठी शहरात गेला तेव्हापासूनची ही रीत होती. आदिनाथ घरी आला की बाप स्वतः उठून त्याला घोंगडी टाकायचा, कपडे मळू नयेत म्हणून.

कडुबांनी घोंगडी खांद्यावरून काढली. झटकली. वाकले आणि धसकटांवर पसरली. एकेक कोपरा हळूहळू सारखा केला.

आदिनाथनं चपला काढल्या आणि बाप बाजूला व्हायची वाट बघत उभा राहिला. कडुबा बाजूला होईनात. कोपरे सारखे करून झाले होते, हात घोंगडीवर तसेच टेकलेले होते, पागोट्याखाली उन्हानं रापलेली मान उघडी होती. चुलीजवळ भाकर थापण्याचा आवाज थांबला.

“आप्पा,” आदिनाथ म्हणाला. “उठा ना.”

“थांब की,” कडुबा वाकूनच म्हणाले. “गावातल्या पोरांनी मोबाइलात दावलं मला. लई डाव बघितलं. मारायला उशीर केला तं तुझा खेळ बिघडतो म्हनं. उरक बाबा. तुझी माय बी बघून घेईल, तिनं नाय पायलेलं अजून.”

“आप्पा, तसं नाही... मी आकडा कमी केला नव्हता. चाळीसच ठेवला होता. घोंगडीला लोखंडापेक्षा जास्त दिलं होतं मी, लांडग्याच्या वक्ताचं ध्यानात ठेवून...”

तो बोलत सुटला. जीव, मारा, वजाबाकी, मानेवरचा दुप्पट वार, सगळं सांगत सुटला, जणू बापाला एकदा हिशेब नीट कळला की सगळं ठीक होईल. कडुबांनी ते सगळं वाकूनच ऐकलं. 

“चाळीस म्हंजी लई व्हतं का?” त्यांनी विचारलं.

“लई होतं, आप्पा. घोंगडी अंगावर असती तर तुम्हाला कुणी मारूच शकलं नसतं.”

“आसं व्हय,” कडुबा म्हणाले. मग ते कमरेवर हात देऊन सरळ झाले. घोंगडीचे दोन कोपरे धरून त्यांनी ती पोराच्या पायापुढून ओढून घेतली, झटकली, धसकटं झाडली, आणि दोन्ही खांद्यांवरून गळ्यापर्यंत घट्ट लपेटली. भर दुपारचं ऊन होतं.

“खाली बस,” ते म्हणाले. “भाकर खा आन् उजेड हाय तवर नीघ.”

आदिनाथ धसकटांत बसला. बानाबाईनं भाकर वाढली ती त्याच्याकडं न बघता. कडुबा जाळीपाशी जाऊन मेंढरांना हाका मारत राहिले, आणि आदिनाथ जेवून, हात धुऊन, निघून वळणापर्यंत गेला तरी त्यांनी ती घोंगडी अंगावरून काढली नाही.